सेवेच्या कामात वकील कशाला?



गेल्या काही महिन्यांत मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला. "ताई, वसतिगृह समजलं, दवाखान्याची गाडी समजली, पावसाळ्यातलं धान्य समजलं. पण अहवालात 'कायदेविषयक मदत' म्हणून खर्च लिहिलाय, तो कशासाठी? आदिवासींना वकिलाची काय गरज?" प्रश्न योग्य आहे. दान देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे. मी स्वतः वकील नाही. मी वाड्या-पाड्यांवर फिरणारी कार्यकर्ती आहे. कामगार कायदा आणि मानवी हक्कांचा कायदा जाणणाऱ्या वकिलांबरोबर तहसील कचेरीपासून न्यायालयापर्यंत जाणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. त्या अनुभवातून हे काम काय असते ते सोप्या शब्दांत मांडते.

बयाणा, खर्ची आणि हिशोब

रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील कातकरी समाजाबद्दल आपण या पत्रिकेत वाचत आला आहात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा जुना धंदा. जंगल हातचे गेले, जमीन फारशी कधी नव्हतीच. त्यामुळे दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. माणसे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

जाण्यापूर्वी ते बयाणा घेतात, म्हणजे आगाऊ उचल. पावसाळ्यात हाताला काम नसते. घरात आजारपण येते, लग्न निघते, छपरावर कागद घालायचा असतो. अशा वेळी पैसे देणारा भट्टीचा शेठ किंवा त्याचा मुकादम एवढाच असतो. भट्टीवर गेल्यावर आठवड्याला मीठ-मिरची, तांदळापुरती खर्ची मिळते. मजुरी हातात येत नाही. ती शेठच्या वहीत राहते आणि हंगाम संपल्यावर हिशोब होतो.

हा हिशोब कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका जोडप्याने २५,००० रुपये बयाणा घेतला. २६ आठवडे, आठवड्याला ६०० रुपये खर्ची, म्हणजे १५,६०० रुपये. औषधपाणी आणि गाडीभाडे ४,४०० रुपये. एकूण नावे पडले ४५,००० रुपये. जोडप्याने ८०,००० विटा पाडल्या. हजारी ५०० रुपये दराने जमा झाले ४०,००० रुपये. सहा महिने उन्हात गारा तुडवून, पहाटे तीनला उठून विटा थापून, शेवटी शेठ सांगतो, "पाच हजार अंगावर राहिले, पुढच्या वर्षी या." अवकाळी पावसाने विटा भिजल्या तर त्याही वजा होतात. पुढच्या वर्षी त्या पाच हजारांवर नवा बयाणा चढतो.

आता तेच पान कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलासमोर ठेवा. ते विटा मोजत नाहीत, दिवस मोजतात. दोन माणसे, १५० दिवस. किमान वेतन दिवसाला समजा ४०० रुपये धरले तर होतात १,२०,००० रुपये. त्यातून मिळालेले ४५,००० वजा केले तर जोडप्याचेच ७५,००० रुपये शेठकडे निघतात. ज्यांना सारी वाडी कर्जबाजारी समजत होती, ते खरे घेणेकरी आहेत. एवढा फरक केवळ हिशोब कायद्याने केल्यामुळे पडतो.

कायदा काय म्हणतो

ही प्रथा आजची नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात तलासरी-उंबरगाव भागात 'लग्नगडी' असत. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे. १९४५ साली वारल्यांनी या वेठीविरुद्ध लढा दिला. त्या लढ्यात पुढे असलेल्या गोदावरी परुळेकर यांनी कायद्याची पदवी घेतलेली होती, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली आहे. त्यानंतर ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलन कायदा झाला. या कायद्यातील चार गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, वेठबिगारी म्हणजे केवळ साखळदंड किंवा कुलूप नव्हे. उचलीच्या बदल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागणे, दुसरीकडे काम करण्याची मोकळीक नसणे, हवे तेथे जाता न येणे, किंवा आपल्या श्रमाचे फळ बाजारभावाने विकता न येणे, यांपैकी एक गोष्ट असली तरी ती वेठबिगारी ठरू शकते.

दुसरी, असे कर्ज कायद्यानेच संपलेले आहे. ते फेडण्याची जबाबदारी मजुरावर नाही आणि ते वसूल करणे हा गुन्हा आहे.

तिसरी, मजुराने "मी वेठबिगार आहे" असे म्हटले की ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्याकडे कागदाचा तुकडाही नाही, त्याच्यासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

चौथी, चौकशी करून सुटका करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे आहे. त्यासाठी जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असाव्यात असे कायदा सांगतो.

या कायद्याला बळ आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. सक्ती ही काठीचीच असते असे नाही, भुकेचीही असते. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या प्रकरणात, बंधुआ मुक्ती मोर्चाने पाठवलेल्या एका पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले. मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असेल तर ते उचलीपोटीच आहे असे आधी गृहीत धरावे, असेही न्यायालय म्हणाले. हे दोन निकाल माहीत असलेला वकील आणि नसलेला वकील यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दोन प्रकारचे ज्ञान का लागते

कामगार कायद्याचा वकील विचारतो, "मजुरी किती बुडाली आणि ती कोणाकडून घ्यायची?" मानवी हक्कांचा वकील विचारतो, "या माणसाचे स्वातंत्र्य कोणी हिरावले, आणि सरकारने त्याला का वाचवले नाही?" आपल्या लोकांना दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस लागतो. याचे कारण एका कुटुंबाच्या गोष्टीवरून सांगते. त्यांचे नाव, वाडी आणि तालुका सांगत नाही, कारण त्यांचा खटला अजून चालू आहे.

नवरा, बायको आणि दोन मुले तिसऱ्या वर्षी त्याच भट्टीवर होती. बायकोची आई वाडीवर वारली. मातीला जाऊ द्या म्हणाले, तर "आधी बयाणा फेडा" असे उत्तर मिळाले. नवऱ्याला एकट्याला जाऊ दिले आणि बायको-मुलांना ठेवून घेतले. तो आमच्या कार्यकर्त्याकडे आला. दुसऱ्या दिवशी आमच्या वकीलबाईंनी त्याच्याशी त्याच्या बोलीत तीन तास बोलून जबाब लिहिला. किती तारखेला गेलात हे त्याला सांगता येईना. "दिवाळीनंतरच्या कितव्या बाजाराला?" असे विचारल्यावर त्याने बरोबर सांगितले. त्याच दिवशी जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्या नावाने अर्ज गेला.

तिसऱ्या दिवशी अधिकारी भट्टीवर पोहोचले. शेठने नम्रपणे सांगितले, "साहेब, गैरसमज झालाय. माझे पैसे सोडले, यांना आजच घेऊन जा." माणसे सुटत होती, सगळे खूश होते. नवरासुद्धा म्हणाला, "ताई, सोडतो म्हणतोय ना, मग झालं." नेमक्या याच ठिकाणी वकीलबाई थांबल्या. अशा वेळी कागदावर "आपसांत तडजोड झाली" असे लिहिले गेले असते तर ते कुटुंब घरी गेले असते, पण वेठबिगार म्हणून त्यांची नोंद झाली नसती. नोंद नाही म्हणजे मुक्ततेचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे पुनर्वसनाची मदत नाही, बुडालेल्या मजुरीचा दावा कमजोर, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच बयाणा. त्यांनी अधिकाऱ्यांना विनंती केली की नवरा-बायकोचे जबाब शेठच्या समोर नको, वेगळे घ्यावेत, आणि बाईचा जबाबही स्वतंत्र घ्यावा. शेठ बाजूला झाल्यावर बाई पहिल्यांदा बोलली. मुले विटा उलटवायला जात, हे तिनेच सांगितले.

दाखला त्याच आठवड्यात मिळाला. केंद्र सरकारच्या पुनर्वसन योजनेप्रमाणे सुटकेनंतर ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत देता येते, आणि ती खटल्याच्या निकालासाठी थांबवायची नसते. पुढची मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला व बालकांना २ लाख, आणि देहविक्रय, मानवी तस्करी यांसारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये अशी आहे. ही मोठी रक्कम मात्र वेठबिगारी सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. म्हणून खटला नीट उभा राहणे हा त्या कुटुंबाच्या पोटाचाही प्रश्न असतो.

सुटकेनंतरचे लांब काम

वर्तमानपत्रात सुटकेची बातमी येते. त्यानंतरची तीन-चार वर्षे कोणी पाहत नाही, आणि वकिलाचे खरे काम तेव्हाच चालते.

गुन्हा नोंदवताना फक्त १९७६ चा कायदा लावला तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत आहे, शिवाय गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणून वकील वस्तुस्थिती पाहून इतर कलमांचा आग्रह धरतात. भारतीय न्याय संहितेत सक्तीच्या मजुरीचे कलम १४६ आहे आणि माणसांच्या तस्करीचे कलम १४३ आहे. तस्करीला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. मजूर आदिवासी असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो, कारण वेठबिगारी करायला लावणे हा त्या कायद्यानेही गुन्हा आहे. यांपैकी काय लागते आणि काय लागत नाही हे ठरवायला अभ्यास लागतो. रागाच्या भरात सगळीच कलमे लावली तर न्यायालयात खटला ढिला पडतो.

मजुरीचा दावा वेगळ्या अधिकाऱ्यापुढे चालतो. तेथेही कायदा बदलला आहे. कामगारांविषयीचे २९ केंद्रीय कायदे चार संहितांत एकत्र केले गेले आणि त्या नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि मजुरी दिली आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर आहे. वेठबिगार निर्मूलन कायदा मात्र या संहितांत विलीन झालेला नाही, तो स्वतंत्रपणे उभा आहे. आमच्या वकिलांना जुने अर्ज बाजूला ठेवून नवे नमुने तयार करावे लागले, ते यामुळेच.

प्रशासन हललेच नाही तर उच्च न्यायालयात जाता येते. वकीलबाई सांगतात की तसे क्वचितच करावे लागते. बहुतेक वेळा अधिकाऱ्याला कायद्याचे कलम आणि निकालाची प्रत नीट दाखवली की काम पुढे सरकते. अनेक तरुण तहसीलदार मनापासून मदत करतात. त्यांच्याकडे दहा खात्यांची कामे असतात, आणि हे प्रकरण व्यवस्थित मांडून देणारा कोणीतरी त्यांनाही हवा असतो.

मोफत वकील असताना खर्च कशाला?

हाही प्रश्न आपल्यापैकी एका बंधूंनी विचारला होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला, मुले, अपंग व्यक्ती, तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेले लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात याची समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. आम्ही ही सेवा वापरतो आणि प्रत्येक वाडीवर तिची माहिती देतो.

पण वाडीवर येऊन, माणसाचा विश्वास मिळवून, त्याच्या बोलीत जबाब लिहून घेणे आणि सुटकेच्या दिवशी भट्टीवर हजर राहणे हे त्या व्यवस्थेकडून नेहमी होतेच असे नाही. दुसरी गोष्ट साक्षीदारांची. तारखेला न्यायालयात जायचे म्हणजे दोघांची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, मुलांना कोणाकडे तरी ठेवावे लागते. तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. चार तारखा झाल्यावर माणूस म्हणतो, "नको ते कोर्ट." खटले पुराव्याअभावी सुटतात त्यामागे पुष्कळदा हे बसभाडे असते. आपल्या दानातील 'कायदेविषयक मदत' या रकमेतून मुख्यतः वकिलांचा प्रवास, कागदपत्रांच्या प्रती आणि साक्षीदारांचा प्रवासखर्च भागतो. मदत मागणाऱ्याला आम्ही त्याचा धर्म विचारत नाही.

वकिलाने न सुटणारे प्रश्न

वकील सगळे करू शकतो असे मी म्हणणार नाही. मध्य प्रदेशातील सुटलेल्या मजुरांच्या प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सुटका केली आणि पुनर्वसन केले नाही तर माणसे गरिबीपायी पुन्हा वेठीला लागतील. आम्हाला ते डोळ्यांनी दिसते. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्या आईबापांजवळ पावसाळ्यात पोट भरायला दुसरे काही असते तर मुले गेली असती का?

म्हणून कायद्याचे काम एकटे उभे राहू शकत नाही. रेशनकार्ड, जातीचा दाखला, रोजगार हमीचे काम, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा, मुलांसाठी वसतिगृह, आणि श्रावणात घरात धान्य, हे सगळे बयाण्याला पर्याय आहेत. मी सांगितलेल्या कुटुंबातील मुले आता आश्रमशाळेत आहेत. नवरा-बायको यंदा पुन्हा भट्टीवर गेले, पण दुसऱ्या. बयाणा न घेता गेले, आणि दर आठवड्याची पूर्ण मजुरी हातात घेतात. दिवसांची नोंद बायको मुलीच्या जुन्या वहीत रेघा मारून ठेवते. वकीलबाईंनी तिला ती सवय लावली आहे.

आपण काय करू शकता

मजुराची मजुरी अडकवून ठेवू नये, ही शास्त्राची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती आपल्या अंगणापासून पाळता येते.

आपल्या मंडळीचे किंवा घराचे बांधकाम चालू असेल तर विटा कोणत्या भट्टीच्या आहेत आणि तेथे मजुरी कशी दिली जाते, हे ठेकेदाराला विचारा. घरकाम करणाऱ्या बाईला उचल दिली असेल तर ती लिहून ठेवा, आणि त्यापोटी तिला दुसरीकडे जाण्यास अडवू नका.

कोठे वेठबिगारीची शंका आली तर मालकाशी भांडू नका आणि मजुरांचे फोटो काढून पसरवू नका, त्याने त्यांनाच धोका होतो. जागा, साधारण किती माणसे आहेत आणि मुले आहेत का, एवढे टिपून आम्हाला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आपल्या मंडळीत वकील असतील, किंवा कायद्याचे शिक्षण घेणारे तरुण असतील, तर त्यांना महिन्यातून एक दिवस मागा. इंग्रजीतील आदेश मराठीत समजावून सांगणे, अर्ज टंकलिखित करणे, तारखेला साक्षीदाराबरोबर बसणे यासाठी मोठा अनुभव लागत नाही.

दिवाळीनंतर वाड्या पुन्हा रिकाम्या होतील. त्याआधी, पावसाळा संपता संपता, आम्ही प्रत्येक वाडीवर बैठक घेणार आहोत. बयाणा घेण्यापूर्वी काय विचारायचे, दिवसांची नोंद कशी ठेवायची आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे वकील स्वतः येऊन सांगणार आहेत. या बैठकांसाठी, चालू असलेल्या खटल्यांतील साक्षीदारांना धीर मिळावा यासाठी, आणि आमच्या वकिलांच्या आरोग्यासाठी आपण प्रार्थना करावी, ही विनंती.